गल्ल्यावर बसणाऱ्याचे लक्ष

करोलबागेतली पक्की दुकाने सोमवारी बंद असतात. लाजपतनगर आणि सरोजिनीनगरचा सुट्टीचा वारही सोमवारच, तर चाँदनी चौक आणि सदर बाजार रविवारी बंद. दिल्लीत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला खरेदीला निघण्याआधी वार विचारून घ्यायची सवय लागते, ती यामुळे. दुकाने आणि आस्थापना यांच्यासाठी दिल्लीत १९५४ साली कायदा झाला आणि बाजारपेठेनुसार आठवड्याची सुट्टी पाळण्याची रीत रुजली. हेतू कामगारांना विश्रांती मिळावी हा होता. पण त्यातून मालकांचेही मोठे भले झाले. शेजारचा आज उघडा बसला असेल, आपले गिऱ्हाईक त्याच्याकडे वळले असेल, ही धास्ती आठवड्यातून एक दिवस तरी डोक्यातून जाते. अलीकडे काही आस्थापनांना चोवीस तास उघडे राहण्याची मुभा मिळू लागली आहे. तिचे स्वागत करताना या जुन्या सुट्टीने काय सांभाळले होते, तेही आठवायला हवे.

छोट्या धंद्याला भांडवल अपुरे पडते, जागा अपुरी पडते, माणसे मिळत नाहीत, हे सगळे बोलतात. मालकाचे लक्ष अपुरे पडते, हे फारसे कोणी बोलत नाही. माल भरायचा, विकायचा, उधारी वसूल करायची, जीएसटीचे विवरणपत्र भरायचे, कामगार गावी गेला तर त्याची जागा चालवायची, दुकानाचे भाडे आणि मुलांची फी एकाच आठवड्यात आली तर दोन्ही भागवायची. हे सारे एकाच डोक्यात चालते. नोकरदाराला निदान साहेब विचारतो, काम कुठवर आले? दुकानदाराला कोणी विचारत नाही. म्हणून मग प्रेरणादायी भाषणे ऐकली जातात, सकाळी फोनवर सुविचार येतात आणि दुपारच्या मंदीच्या तीन तासांत ती सगळी उमेद ओसरून जाते. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात जे धंदे पिढ्यान्पिढ्या टिकले, त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते. उमेद मनाच्या लहरीवर सोडायची नाही, तिच्यासाठी व्यवस्था लावून ठेवायची, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

करोलबागेचेच उदाहरण घेऊ. महाशय धरमपाल गुलाटी यांचा जन्म १९२३ मध्ये सियालकोटचा. वडिलांचे 'महाशियाँ दी हट्टी' हे मसाल्याचे दुकान १९१९ पासूनचे. पाचवीत शाळा सुटली आणि मुलाने आरशांचा व्यवसाय, साबण, सुतारकाम, कापड, तांदूळ असे एकेक करून पाहिले. फाळणीनंतर सप्टेंबर १९४७ मध्ये ते दिल्लीत आले, तेव्हा वडिलांनी दिलेले दीड हजार रुपये खिशात होते. त्यातल्या साडेसहाशे रुपयांचा त्यांनी टांगा घेतला. नवी दिल्ली स्टेशन ते कुतुब रोड आणि करोलबाग ते बडा हिंदुराव अशा फेऱ्या, भाडे दोन आणे. पुढची गोष्ट भारतभर ठाऊक आहे. अजमल खाँ रोडवर लाकडी खोका, चाँदनी चौकात दुकान, १९५९ मध्ये कीर्तीनगरला कारखाना, २०१९ मध्ये पद्मभूषण. डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी ते वारले, तोवर मसाल्याच्या पाकिटावर आणि जाहिरातीत त्यांचाच फेटा आणि मिशा होत्या.

ही कथा नेहमी गरिबीतून श्रीमंतीकडे जाण्याची म्हणून सांगितली जाते. तिच्यातला सर्वांत मोलाचा टप्पा मात्र टांगा विकण्याचा आहे. टांग्यात त्यांच्या जवळपास निम्म्या पुंजीचा घोडा जुंपलेला होता, आणि संध्याकाळी हातात रोख पडत होती. निर्वासिताला दुसरे काय हवे असते? तरीही तो धंदा त्यांनी सोडला आणि ज्या मालाची पारख लहानपणापासून नाकाला आणि बोटांना होती, त्या मिरची-हळदीकडे ते परतले. तरुणपणी अनेक धंदे चाखणारा हा माणूस नंतर सत्तर वर्षे एकाच मालाला चिकटून राहिला. एकाग्रता म्हणजे दात-ओठ खाऊन बसणे, अशी आपली समजूत असते. गुलाटींच्या आयुष्यात ती आधी काय सोडायचे, या निर्णयातून आली.

याच करोलबागेत आणि चाँदनी चौकातल्या कूचा महाजनीत, म्हणजे दिल्लीच्या सोन्याचांदीच्या घाऊक पेठेत, एक मराठी व्यवसाय वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो आहे गलाईचा. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले खटाव, माण हा सगळा अवर्षणाचा पट्टा. शेतीवर पोट भरेना म्हणून इथली माणसे सोने-चांदी गाळण्याचे कसब घेऊन भारतभर पांगली. केरळपासून पंजाबपर्यंत क्वचितच एखादी सराफपेठ असेल, जिथे खानापूर तालुक्यातल्या विट्याच्या आसपासच्या गावाचा माणूस भट्टीसमोर बसलेला नाही. १९७२ च्या दुष्काळासारखे तडाखे बसले, तसे आणखी हात गावाबाहेर पडले. राजधानीतल्या मराठी माणसाबद्दल बोलताना अधिकारी, पत्रकार, खासदार यांची नावे घेतली जातात. कूचा महाजनीच्या बोळात उभा असलेला हा कारागीर त्या यादीत येत नाही. तो यायला हवा, कारण लक्ष म्हणजे काय हे शिकायचे असेल तर त्याच्या भट्टीशेजारी उभे राहण्यासारखी दुसरी शाळा नाही.

काम वरवर साधे दिसते. सराफाकडे मोडीत आलेले दागिने येतात. ते तोलून मुशीत घालायचे, वर टाकणखार टाकायचा, भट्टीत वितळवायचे. सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते, चांदी ९६२ अंशांना. मळ टाकणखाराबरोबर वेगळा होतो, रस साच्यात ओततात आणि लगड तयार होते. मग तिचा टंच, म्हणजे शुद्धता काढायची. पूर्वी हे काम कसोटीच्या दगडावर आणि तेजाबाच्या थेंबावर होई, आता बहुतेक ठिकाणी क्ष-किरणांवर चालणारे यंत्र आकडा दाखवते. हजारात ९१६ भाग सोने असले तर बावीस कॅरेट. शुद्ध सोने काढायचे असेल तर आणखी मोठी प्रक्रिया. सोन्याचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होईल इतकी चांदी त्यात मिसळायची, पातळ पत्रे किंवा दाणे करायचे आणि नायट्रिक आम्लात उकळायचे. चांदी आणि तांबे विरघळतात, तळाला तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन, वाळवून पुन्हा वितळवली की पिवळा रंग परत येतो. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या बुडवून परत मिळवतात. आम्लातून तांबूस धूर निघतो, तो छातीत जाऊ नये म्हणून धुरांडे आणि पंखा लागतो. जमिनीवरची धूळसुद्धा फेकत नाहीत, तिच्यातला कण काढणारे झारेकरी वेगळे.

आता हिशेब पाहा. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाखाच्या पुढे गेला. शंभर ग्रॅमच्या लगडीचा टंच काढताना हजारात दोन भागांची चूक झाली, तर दोनशे मिलिग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे किमान दोन हजार रुपये. गाळणीची मजुरी याच्यापुढे किरकोळ. एका दुपारचे दुर्लक्ष अनेक दिवसांची कमाई घेऊन जाते. वजनात फसवले असा संशय सराफाला एकदा आला, तर तो पुन्हा त्या बोळात वळत नाही, आणि शेजारच्या चार जणांना सांगतो.

म्हणून या धंद्यात रीत पाळली जाते. माल आला की गिऱ्हाइकासमोर तोलायचा, समोरच वितळवायचा, पुन्हा तोलायचा, दोन्ही आकडे लिहायचे आणि मगच पुढच्याचा माल हातात घ्यायचा. दोन गिऱ्हाइकांचे सोने एका वेळी ओट्यावर ठेवायचे नाही. कोणाकडून काय आले याची नोंद आणि ओळखपत्राची प्रत ठेवायची, कारण चोरीचा दागिना गळून गेला आणि तपास भट्टीपर्यंत आला, तर चोरीचा माल घेतल्याचा आरोप गलाईवाल्यावर येतो. पूर्वी भारतीय दंडसंहितेचे ४११ कलम लागे, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१७. परराज्यातून आलेल्या पोलिसांच्या चौकशीचा जाच हे या समाजाचे जुने दुखणे आहे, आणि नीट लिहिलेली वही हीच त्यावरची पहिली ढाल. थकलेल्या, वैतागलेल्या दिवशीही ही रीत तशीच चालते. मन लागो न लागो, हात त्याच क्रमाने फिरतात. उमेद कमी असलेल्या दिवसांसाठीच तर ती रीत घडवलेली आहे.

या धंद्यात लक्ष विचलित करणारी सर्वांत मोठी गोष्ट समोरच लटकलेली असते. ती म्हणजे भावाचा पडदा. जुलै २०२४ मध्ये केंद्राने सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले आणि त्याच दिवशी भाव कोसळला. ज्यांनी भाव वाढेल या आशेने माल अडकवून ठेवला होता, त्यांचा तोटा गाळणीच्या मजुरीतून भरून निघण्यासारखा नव्हता. जाणते व्यावसायिक घेतलेले सोने त्याच दिवशी विकून भाव बांधून टाकतात आणि आपली कमाई कसबाच्या मजुरीपुरती ठेवतात. भट्टीसमोरच्या माणसाने तेजी-मंदीचा खेळ सुरू केला की त्याचे डोळे मुशीवरून हलतात. तिथून धंदा बुडायला वेळ लागत नाही.

गावातल्या पोराला या कामात घेतले जाते तेही असेच पायरी-पायरीने. नात्यातल्या कोणाच्या तरी दुकानात तो येतो, आधी झाडलोट, मग भट्टी सांभाळणे, मग वजन, सगळ्यात शेवटी टंच. काही वर्षांनी त्याच मालकाच्या ओळखीने दुसऱ्या शहरात त्याचे स्वतःचे दुकान उभे राहते. पुढे काय मिळणार आहे हे त्याला आपल्या डोळ्यांनी दिसत असते: कालपर्यंत शेजारी बसणारा चुलतभाऊ आज स्वतःच्या गल्ल्यावर बसला आहे. गावच्या जत्रेला सगळे परत येतात तेव्हा कोणाचे घर बांधून झाले, कोणाची विहीर झाली, हे आपोआप कळते. इतकी ठोस प्रेरणा कोणत्याही व्याख्यानात मिळणार नाही.

अर्थात, रीत आणि नाती असूनही लक्ष उडते. त्याचे सर्वांत मोठे कारण आळस नसून पैशाची ओढाताण आहे, आणि याला आता अभ्यासाचाही आधार आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची बौद्धिक चाचणी संशोधकांनी तोडणीआधी आणि तोडणीनंतर अशी दोनदा घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेच शेतकरी हातात पैसा आल्यावर अधिक चांगले गुण मिळवताना दिसले. माणसे तीच, डोकी तीच, फक्त घोर कमी झालेला. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातले फेरीवाले सकाळी हजार रुपये उचलून संध्याकाळी साडेदहाशे परत करतात, म्हणजे दिवसाला पाच टक्के व्याज. त्यांच्यापैकी काहींचे कर्ज संशोधकांनी फेडूनही पाहिले. कालांतराने बरेच जण पुन्हा त्याच कर्जात परतले. ज्याला संध्याकाळपर्यंत पैसे परत करायचे आहेत, त्याला पुढच्या महिन्याचा विचार करायला सवडच उरत नाही. अशा माणसाला एकाग्रतेचे धडे देणे निष्ठुरपणाचे आहे.

दिल्लीतल्या ज्यांनी ही ओढाताण आधीच ओळखली, त्यांत संजीव बिखचंदानी यांचे नाव घ्यावे लागेल. अहमदाबादच्या आयआयएममधून शिकून त्यांनी १९९० मध्ये नोकरी सोडली आणि वडिलांच्या गॅरेजवरच्या नोकरांच्या खोलीत काम सुरू केले. घर पत्नी सुरभी यांच्या पगारावर चालले. मधल्या वर्षांत त्यांनी अर्धवेळ शिकवले, 'पायोनियर' दैनिकाच्या करिअर पुरवणीचे कामही केले. ऑक्टोबर १९९६ मध्ये प्रगती मैदानावरच्या एका प्रदर्शनात त्यांनी इंटरनेट पाहिले आणि १९९७ मध्ये नोकरीच्या जाहिरातींचे नौकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू झाले. मूळ कल्पना त्याआधीची: कार्यालयातले सहकारी नियतकालिक मागून उघडून नोकरीच्या जाहिराती आधी वाचतात, हे त्यांनी पाहिले होते. नोकरी सोडल्यापासून संकेतस्थळापर्यंत सहा-सात वर्षे गेली. त्या वर्षांत विचार शाबूत राहिला तो घरच्या पगारामुळे आणि जोडकामामुळे. सुरभी यांच्या पगाराचा उल्लेख या कहाणीत एका ओळीत आटोपला जातो, तसा तो आटोपू नये. किती छोट्या धंद्यांचे खरे भांडवल घरातल्या दुसऱ्या व्यक्तीची नियमित मिळकत असते!

सगळ्यांच्या घरी असा पगार येत नाही. तेव्हा निदान दोन साध्या गोष्टी करता येतात. पहिली, घराचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळ्या खणांत ठेवणे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या व्यावसायिकांच्या एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवले आणि दुसऱ्याला एवढेच सोपे ठोकताळे. फरक दिसला तो दुसऱ्या गटात. दुसरी गोष्ट वसुलीची. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार वस्तू बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एप्रिल २०२४ पासून आयकराचाही चिमटा आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे मुदतीत दिले नाही, तर मोठ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. नोएडाच्या औद्योगिक सेक्टरांत किंवा ओखल्यात सुटे भाग बनवणाऱ्याने उद्यम नोंदणी करून हा हक्क मागितला पाहिजे. मोठा ग्राहक दुरावेल या भीतीने बरेच जण गप्प बसतात. त्यांची भीती खोटी नाही, पण अडकलेल्या प्रत्येक बिलामागे मालकाच्या किती रात्री जातात हेही मोजायला हवे.

लक्षाची किंमत सर्वांत स्पष्ट दिसली ती महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवर, तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांत. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा अभ्यास केला. हे उद्योग दुकानापेक्षा बरेच मोठे, तरी मालक कुटुंबातलेच. काही कारखान्यांना सल्लागारांनी महिनोन्महिने मदत केली: सुताचा साठा मोजून ठेवा, यंत्र कधी आणि का बंद पडले ते लिहा, कापडातला दोष त्याच दिवशी नोंदवा. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. पण काही वर्षांनी संशोधक पुन्हा गेले, तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या आढळल्या. कारणे विचारली तेव्हा दोन उत्तरे वारंवार आली: व्यवस्थापक बदलला आणि मालकाला वेळ नव्हता. फायदा डोळ्यांनी पाहिलेल्या मालकांची ही गत. तरीही ज्यांना मदत मिळाली होती ते कारखाने इतरांच्या पुढेच राहिले. निम्मे टिकले तरी बरेच काही टिकते, असा त्याचा दिलासा देणारा अर्थ आहे.

दिल्लीत तर मालकाचा वेळ खाणाऱ्या गोष्टी बाहेरूनही येतात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निवासी भागातल्या दुकानांना सील लागू लागले आणि व्यापारी रस्त्यावर आले. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी. दर हिवाळ्यात हवा बिघडली की जनरेटर, बांधकाम, मालवाहू गाड्या यांच्यावर टप्प्याटप्प्याने निर्बंध येतात आणि बांधकामाचे साहित्य विकणाऱ्याचे नोव्हेंबरचे गणित कोलमडते. अशा वेळी शेजार उपयोगी पडतो. बाजाराचे व्यापार मंडळ निवेदने देते, मोर्चे काढते. दिल्लीत ज्याला कमेटी म्हणतात, ती आपली भिशीच. दर महिन्याला ठराविक तारखेला ठराविक रक्कम काढायची म्हटली की तेवढी विक्री करणे भाग पडते, आणि हप्ता चुकला तर दहा ओळखीची माणसे विचारतात. साहेब नसलेल्या माणसाला हा विचारणारा गट मोठा आधार असतो. मात्र भिशीला कायद्याचे संरक्षण फारसे नाही, म्हणून ती पारखलेल्या माणसांतच करावी.

आणि कधीकधी लक्ष जुन्या कामावरून उचलून नव्यावर ठेवावे लागते. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे व्यवसाय प्रशिक्षण मिळालेल्यांच्या नफ्यात ठामपणे सांगता येईल अशी वाढ दिसली नाही. पुढाकार कसा घ्यावा, अडचण येण्याआधी तिचा विचार कसा करावा, शेजाऱ्यापेक्षा वेगळे काय द्यावे, याचा सराव ज्यांच्याकडून करून घेतला, त्यांचा नफा दोन वर्षांत सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये उद्योजकता आणि लघुउद्योग विकासाची, १९८३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. राजधानीच्या दारातच असलेल्या या संस्थेमार्फत बाजारपेठांच्या बोळांपर्यंत असा सराव पोहोचला, तर त्याचा फायदा सर्वांत आधी गलाईवाल्यांना होईल.

कारण त्यांचा काळ बदलतो आहे. जून २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक आला. शुद्धतेची हमी आता अधिकृत केंद्राच्या शिक्क्यातून मिळते. मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांशी स्पर्धा आहे. भट्टीजवळ बसायला गावची पोरे पूर्वीसारखी तयार नाहीत. कोणी टंच काढण्याचे यंत्र घेऊन तपासणीचे दुकान करू पाहील, कोणी हॉलमार्क केंद्रात पैसा घालील, कोणी इंजिनिअर झालेल्या मुलाकडे हिशेब सोपवून स्वतः मुशीपाशीच राहील. मोडीचे दागिने तर येतच राहणार आहेत, आणि भाव लाखाच्या वर गेल्यापासून ते गाळणाऱ्या हाताकडून होणारी प्रत्येक चूक अधिक महाग झाली आहे.